गावाची राखण फुकटात का?



वेचलेला कापूस घरात येऊन पडला, शाळूची कणसे भरली, की ठाण्यातून निरोप येतो: ग्रामसुरक्षा दल उभे करा, रात्रीची गस्त घाला. गाव गस्त घालतेही. माल आपला, मोटार-केबल आपली, नाही म्हणणार कोण? पण रात्रभर काठी आपटत फिरलेल्या गड्याने सकाळी विचारावे, 'आमच्या जागरणाचे दाम काय?' लगेच साहेबांच्या कपाळाला आठी. म्हणे ही सेवा आहे, पैसे लावले की तिचे पावित्र्य जाते!

होमगार्डचे ब्रीदच 'निष्काम सेवा'. तरी त्यांना कर्तव्य भत्ता आहे. २०२४ मध्ये तो दिवसाला १,०८३ रुपये झाला. त्याच वर्षी पोलीस पाटलांचे मानधन महिना १५,००० करण्याचा निर्णय झाला. आम्हाला हेवा नाही, रास्तच झाले. पण त्यांचे पावित्र्य शाबूत राहते आणि आमचेच तेवढे विटाळते, हे कसे?

या फुकटाचा भार कुणावर पडतो ते बघा. पाळीच्या यादीत सगळ्या घरांची नावे असतात. वाड्यावरचा मालक सालगडी धाडतो. कोरडवाहूवाला स्वतः जागतो आणि दुसऱ्या दिवसाचा रोज बुडवतो. ज्या घरात कर्ता गडी नाही, तिथल्या बाईकडून पाळीच्या बदल्यात वर्गणी! याला वेठ नाही तर काय म्हणायचे? जागल्याने पिढ्यान्‌पिढ्या गाव राखले, बदल्यात खळ्यावरचे बलुते, आणि चोरी झाली की माग काढायची जोखीमही त्याचीच. राजर्षी शाहूंनी १९१८ साली याच कोल्हापुरात महार वतन मोडले. ते मोडलेले जू आता सेवेच्या नावाने सगळ्या गरिबांच्या मानेवर येते आहे.

विचारतात, न झालेली चोरी मोजणार कशी? मोजूच नका. शिपायाचा पगार काय पकडलेल्या चोरांवर ठरतो? दाम रात्रीचे द्या. चोरामागे बक्षीस मात्र आम्हाला नको. तशी प्रथा पडली तर वाटेने जाणारा प्रत्येक भटका चोर ठरेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे ठेचून मारली. बहुतेक मंगळवेढ्याकडची, आपल्याच ज्वारीच्या मुलखातली. ती गस्त नव्हती, अफवेने पेटलेली गर्दी होती, हे खरे. पण गस्तीची गर्दी व्हायला वेळ लागत नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे, ज्याला अनोळखी माणूस दिसल्यावर काय करायचे हे शिकवले आहे आणि ज्याला दाम मिळते, त्याला जाब विचारता येतो. फुकट जमलेल्यांना कोण विचारणार?

आणि हे दाम पुन्हा गावच्या वर्गणीतून नको. बंदोबस्त हे सरकारचे काम आहे, पैसा तिजोरीतून यावा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने गस्तीची वही आणावी. वही नसेल तर आठवून लिहा: किती रात्री, किती माणसे, किती रोज बुडाले. शेतमजुरीच्या किमान वेतनाने हिशेब मांडू आणि ते बिल कलेक्टर कचेरीत नेऊन पोच घेऊ.