शब्दांचे तारण

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आजोबांनी एकदा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला. त्यात ‘तारण’ असा शब्द होता. तारण म्हणजे आपल्याला तारणारे काहीतरी, असे त्यांना वाटले. जमीन गेली तेव्हा खरा अर्थ कळला.

जोन्सटाउनची हकिगत वाचताना मला आजोबा आठवले. जिम जोन्स या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या ‘पीपल्स टेंपल’ या पंथात काळे-गोरे एकत्र बसत, गरिबांना आधार मिळे. तेथे गेलेली माणसे मूर्ख नव्हती. त्यांना समता हवी होती. पण पुढे गयानाच्या जंगलात वसाहत झाली आणि शब्दांचे अर्थ एकच माणूस ठरवू लागला. त्याला ‘डॅड’ म्हणायचे. म्हणजे बाकीची सारी लेकरे. सोडून जाईल तो गद्दार. सामुदायिक मरणाला नाव ‘क्रांतिकारी आत्महत्या’. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी सायनाइड घातलेले पेय पुढे आले, तेव्हा त्याचे नाव आधीच तयार होते. वसाहतीत ९०९ माणसे मेली. त्यांत तीनशेहून अधिक मुले होती. मुलांची कसली क्रांती आणि कसली आत्महत्या? तो खूनच होता.

त्या शेवटच्या सभेची ध्वनिफीत आजही आहे. मुलांना तरी जगू द्या, असे एक बाई म्हणाली. भोवती बंदुकवाले होते हे खरे. पण तिला गप्प केले ते तिच्याच सोबत्यांनी. रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने चीनमधील विचार-परिवर्तनाचा अभ्यास करून १९६१ सालीच दाखवले होते की, असे ठरीव शब्द विचाराला मध्येच पूर्णविराम देतात.

कोणी म्हणेल, परिभाषा कोणत्या पंथाला नसते? मान्य. पण आमचे संत प्रत्यक्ष विठ्ठलाशी भांडले, तरी त्यांना कोणी गद्दार ठरवले नाही. जेथे भांडता येते तेथे श्रद्धा. जेथे नुसती मान डोलवावी लागते तेथे गुलामी.

मित्रहो, समर्पण, त्याग, निष्ठा असे मोठे शब्द कोणी पुढे केले, तर आधी विचारा, “म्हणजे काय?” आजोबांना ते विचारता आले नाही. मी कॉलेजात आलो तो एवढे विचारायला शिकण्यासाठीच.

(द्वितीय वर्ष, कला)