तिसरा पाठ दहावीचा, गरज सातवीची

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 मधला तिसरा पाठ आला की आपल्यापैकी अनेक जण अमीबाच्या द्विविभाजनात रमतात, फुलाचा उभा छेद फळ्यावर सुरेख काढतात आणि मानवी प्रजननसंस्थेपाशी येऊन म्हणतात, "हे घरी वाचून या. आकृतीला मार्क आहेत." मुलं वाचतात, आकृतीला नावं देतात, मार्कही घेतात. पण हिंगोली जिल्ह्यातल्या मुलीला हा पाठ भेटतो तेव्हा तिला पाळी येऊन बहुधा दोन-तीन वर्षं झालेली असतात. सातवीत तिच्या बाकावर बसणारी एखादी मैत्रीण तोवर हजेरीपटावरून गेलेलीही असते.

ती कुठे जाते ते आपल्याला ठाऊक आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. 1999 पर्यंत ज्या परभणीचा आपण भाग होतो, त्या जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के होतं. हिंगोलीही राज्याच्या सरासरीच्या बरीच वर आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढा भागातल्या वाड्या-तांड्यांवरून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला, म्हणजे एका कोयत्याला. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडावरच्या कोपीत तिला कसं सांभाळायचं, या दोन्ही प्रश्नांना आईबापांना एकच उत्तर दिसतं. गरिबी, हुंडा, भीती ही कारणं विज्ञानाच्या तासाला सुटणार नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. मात्र या सगळ्या कारणांना आधार देणारी एक समजूत आहे आणि ती निव्वळ आपल्या विषयातली आहे: पाळी आली, म्हणजे मुलीचं शरीर संसाराला तयार झालं.

ही समजूत चुकीची आहे, हे ठामपणे आणि कारणांसह सांगू शकणारा माणूस गावात बहुतेक वेळा एकच असतो, विज्ञानाचा शिक्षक. अधश्चेतकाकडून ठोके सुरू होतात, पियुषिका ग्रंथी जागी होते, अंडाशय इस्ट्रोजेन स्रवू लागतं आणि स्तनांची वाढ सुरू होते. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. म्हणजे पाळी हा या प्रवासातला मधला टप्पा आहे. तिच्यानंतरही मुलगी पाच-सात सेंटिमीटर उंच होते. कटीची हाडं तर त्यानंतर काही वर्षं रुंदावत राहतात. बाळाला बाहेर पडायला लागणारी वाट पाळीच्या दिवशी तयार नसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी गर्भ राहिला तर बाळंतपण अडण्याचा धोका त्यामुळे वाढतो. आणि वाढीच्या याच वर्षांत रक्त कमी असतं. त्याच सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आपण शाळेत दर आठवड्याला वाटतो त्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं ते यासाठी. गोळी वाटताना हे कारण किती वर्गांत सांगितलं जातं?

आणखी एक गोष्ट पुस्तकातल्या 28 दिवसांच्या चक्राच्या आकृतीत दिसत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांतल्या बऱ्याच चक्रांत अंडमोचन होतच नाही, कारण इस्ट्रोजेन वाढल्यावर पियुषिकेने संप्रेरकाची जी एकदम लाट सोडायची, ती यंत्रणा उशिरा पक्की होते. म्हणून किशोरवयात 21 ते 45 दिवसांचं अंतरही नैसर्गिक आहे. (यावरून "मग गर्भ राहतच नाही" असा निष्कर्ष वर्गात कोणी काढला तर तो तिथेच खोडा, कोणत्या महिन्यात अंडपेशी सुटेल हे आधी कळत नाही.) ही एवढी माहिती नसली की मुलीची अनियमित पाळी आजार ठरते आणि घरात "लग्न झालं की सगळं सुरळीत होईल" हा सल्ला निघतो. पुढे तीच बाई अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं कोणाला सांगत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली तेव्हा 92 टक्के जणींना स्त्रीरोग आढळले होते. 1989 साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला आणि ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. आपल्या पाठात सरोगसी आहे, नलिकाफलन आहे, वीर्यपेढीही आहे. पांढऱ्या स्रावातला नेहमीचा कोणता आणि दुखण्याचा कोणता, हे मात्र कोणीतरी सांगायचं राहिलेलं आहे.

हा वाद जुनाच आहे. 1891 साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारा कायदा आला, तेव्हा पुण्यात लोकमान्य टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने उभे राहिले. विरोधकांचा मोठा आधार होता गर्भाधान संस्काराचा: ऋतुप्राप्तीनंतर तो झालाच पाहिजे आणि ती बाराच्या आत झाली तर कायदा धर्माच्या आड येतो. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा इथे लागूही नव्हता. आज लग्नाचं वय अठरा आहे, कायदा 2006 चा आहे, तरी आमच्या वाड्यांवर चालणारं तर्कशास्त्र 1891 चंच आहे.

मुलांबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्यांच्याशी कोणीच बोलत नाही. "रक्ताच्या शंभर थेंबांचा वीर्याचा एक थेंब" हे ज्ञान त्यांना वयाने मोठ्या मित्रांकडून मिळतं आणि "गुप्तरोग, हमखास इलाज" हे एसटी स्टँडमागच्या भिंतीवरून. झोपेत वीर्यपतन होणं ही वृषणांचं काम सुरू झाल्याची साधी खूण आहे आणि त्याने अशक्तपणा येत नाही, ही दोन वाक्यं वेळेवर मिळाली तर कितीतरी पोरांची दोन वर्षांची घालमेल टळेल. तेराव्या-चौदाव्या वर्षी अनेक मुलांच्या छातीत दुखरी गाठ येते आणि ती बहुतेकांची आपोआप जाते. कबड्डीला सदरा न काढणारा आपला एखादा खेळाडू त्यामुळेच मागे राहत असेल. शिवाय लग्न मुलगाही करतो. होणारी बायको पंधरा वर्षांची आहे म्हणून नकार द्यायचा असेल, तर तो का द्यायचा हे त्यालाही समजलेलं हवं.

असं शिकवून काही होतं का? मराठवाड्यातच उत्तर आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने लग्न न झालेल्या किशोरवयीन मुलींसाठी वर्षभराचा, रोज तासाभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग गावोगाव चालवला. 1997 ते 2001 या काळात त्या भागातलं मुलींच्या लग्नाचं मध्यम वय 16 वरून 17 वर गेलं. एक वर्ष ऐकायला थोडं वाटतं, पण त्या वर्षात दहावी होते.

अडचण येते ती धास्तीची. 2007 मध्ये लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्याने तो शाळांतून बंद केला; तेव्हापासून मुख्याध्यापकांच्या मनात भीती घर करून आहे. पण मासिक चक्र हा पाठ्यपुस्तकातला भाग आहे, त्याला कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. "शाळेत मॅडम नाहीत" ही सबबही पुरे झाली. पुरुष शिक्षकाने सरळ, शास्त्रीय शब्दांत आणि हसू न आणता सांगितलं की वर्ग पाच मिनिटांत गंभीर होतो. मुलामुलींना एकत्र शिकवा, नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवा आणि वेगळ्याने विचारायचं असेल त्यांना आशाताईंशी किंवा सरकारी रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकशी जोडून द्या. एखादीच्या लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि 1098 वर फोन करता येतो.

टोळ्या निघण्याआधी, या पहिल्या सत्रातच सहावी-सातवीला दोन तास द्या. डब्यात आलेल्या चिठ्ठ्या नावगाव न घालता आमच्याकडे पाठवा. त्यांची उत्तरं डॉक्टरांकडून तपासून घेऊन दिवाळीनंतरच्या अंकात छापू.