सहभागीच्या घरी राहणारा कागद

वैद्यकीय संशोधनात छापील कागदाची गरज किती, हा प्रश्न अलीकडे बहुधा खर्चाच्या आणि सोयीच्या अंगाने विचारला जातो आणि त्याचे उत्तरही त्याच अंगाने दिले जाते: नोंदी संगणकात जाव्यात, संमती टॅब्लेटवर घेतली जावी, भेटीच्या तारखेची आठवण मोबाइलने करून द्यावी, आणि एवढे करूनही जो कागद उरेल तो तपासणीस येणाऱ्या मॉनिटरपुरता, म्हणजे प्रायोजकाच्या निरीक्षकापुरता, कपाटात राहावा. महानगरांतल्या मोठ्या रुग्णालयांत हे उत्तर चालूनही जात असेल. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत संशोधनाचे स्वरूप वेगळे आहे. येथील वैद्यकीय महाविद्यालयांतले पदव्युत्तर प्रबंध, जनऔषधवैद्यक विभागांची सर्वेक्षणे, किंवा एखादी बहुकेंद्री चाचणी, म्हणजे एकाच आराखड्यानुसार अनेक गावांच्या रुग्णालयांत एकाच वेळी चालणारा अभ्यास, यांपैकी कशातही भाग घेणारी व्यक्ती पुष्कळदा शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर अशा तालुक्यांतून एसटीने येते आणि दिवस मावळायच्या आत परतते. महिन्यातले जवळजवळ सगळे दिवस ती संशोधकाच्या नजरेआड असते, आणि त्या दिवसांत अभ्यासाच्या बाजूने तिच्यापाशी जे काही असते ते म्हणजे तिला दिलेला कागद.

छापील साहित्य असे एकत्र म्हटले जात असले तरी त्यात दोन जाती आहेत. पहिल्या जातीत प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा मंजूर आराखडा, केस रेकॉर्ड फॉर्म, औषधसाठ्याची नोंदवही आणि केसपेपर, ईसीजी, प्रयोगशाळेचे अहवाल यांसारखी मूळ कागदपत्रे येतात; हे सगळे संशोधकाकडे राहते. दुसऱ्या जातीत माहितीपत्रक, संमतीपत्राची प्रत, सहभागीचे ओळखकार्ड, घरी भरायची डायरी आणि औषधाच्या डबीवरचे लेबल येते. हे सगळे रुग्णालयाच्या दाराबाहेर जाते. पहिल्या जातीची काळजी घेतली जाते, कारण मॉनिटर, प्रायोजक आणि नियामक तिची पाने उलटून पाहतात. दुसरी जात एकदा हातावेगळी झाली की तिच्याकडे कोणी फिरून पाहत नाही. तरीही मोलाची ठरते ती दुसरीच, कारण संपूर्ण अभ्यासात संशोधकाच्या ताब्यात नसलेली नोंद असते ती एवढीच.

कायद्याने हे ओळखलेले आहे. १९ मार्च २०१९ रोजी अधिसूचित झालेल्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार माहितीपत्रक सहभागीला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत असावे लागते, ते नीतिशास्त्र समितीने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या इथिक्स कमिटीने, मंजूर केलेले असावे लागते, आणि माहितीपत्रकाची व भरलेल्या संमतीपत्राची प्रत सहभागीला किंवा त्याच्यासोबतच्या व्यक्तीला द्यावीच लागते. संमतीपत्रात सहभागीचे शिक्षण, व्यवसाय व वार्षिक उत्पन्न यांच्याबरोबर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव आणि पत्ता विचारला जातो, कारण चाचणीमुळे मृत्यू ओढवला तर भरपाई कोणाला मिळायची हे त्यावरून ठरते. हा रकाना भरताना त्याचा अर्थ क्वचितच ध्यानात घेतला जातो. नामनिर्देशित व्यक्ती रुग्णालयात कधी आलेलीच नसते. आपले नाव कुठे लिहिले गेले आहे आणि कशासाठी, हे तिला कळण्याचा मार्ग घरात ठेवलेल्या त्या प्रतीतूनच जातो. नवीन रासायनिक घटकाच्या चाचणीत दुर्बल गटातला सहभागी असेल तर संमतीच्या प्रक्रियेचे दृक्‌श्राव्य मुद्रणही याच नियमांनी बंधनकारक केले आहे आणि ते योग्यच आहे, परंतु ते मुद्रण संशोधकाच्या हार्डडिस्कवर राहते. तक्रार करण्याची वेळ ज्याच्यावर येते त्याच्या हाती कागदच असतो.

खानदेशात संमतीचा निर्णय बाह्यरुग्ण विभागात होत नाही, तो घरी होतो, आणि संमतीच्या प्रक्रियेवरील चर्चांत ही गोष्ट सहसा सुटून जाते. सहभागी म्हणून सही एका व्यक्तीची असली तरी तिने दर पंधरा दिवसांनी रुग्णालयात यायचे की नाही हे नवरा, सासू, मोठा भाऊ, कधी शेतमालकाची सोय यांच्या विचाराने ठरते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साक्षरता जळगाव जिल्ह्यात सुमारे ७८ आणि धुळे जिल्ह्यात सुमारे ७३ टक्के होती, पण या आकड्यांवरून छापील माहितीपत्रक निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल, कारण घरात वाचता येणारे एक माणूस बहुधा असते, मग ते दहावीतली मुलगी असो वा गावातली आशा कार्यकर्ती. माहितीपत्रकाचा खरा वाचक तो आहे. त्याच्यासाठी मजकूर लिहिला गेला तर वाक्ये मोठ्याने वाचता येतील अशी होतात, टाइप मोठा राहतो, आणि औषध चालू असताना काय झाल्यास लगेच यायचे हे शेवटच्या पानाऐवजी पहिल्या पानावर येते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, तरी छापखान्यावरच्या आपल्या रचनेत त्यांनी छापून शहाणा झालेला कागद आणि तसाच राहिलेला माणूस यांच्यातले अंतर नेमके टिपले आहे. माहितीपत्रकाच्या मसुद्यावर बसणाऱ्यांनी ते आठवणीत ठेवायला हरकत नाही.

भाषेची अडचण याच्या पुढची आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली, जिच्यात अहिराणी येते, १८ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा मोजली गेली, आणि सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ली व पावरी बोलल्या जातात. माहितीपत्रक प्रमाण मराठीत छापलेले असते, समजावून सांगणे मात्र अहिराणीत किंवा पावरीत होते, आणि त्या सांगण्याला कोणाचीही मंजुरी नसते. सांगणारा कोऑर्डिनेटर आज एक असतो, उद्या दुसरा. एकाच्या तोंडून धोक्यांची बाजू सविस्तर येते, दुसऱ्याच्या तोंडून मोफत तपासण्यांची. समजावणाऱ्यासाठी अहिराणीतले एक पानभर टिपण छापून ते समितीकडून मंजूर करून घेणे हा यावर साधा उपाय आहे आणि त्याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.

कागद संशोधकाविरुद्धही साक्ष देतो, आणि त्याचे मोल तिथे सर्वाधिक दिसते. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा ‘पाथ’ या संस्थेचा प्रकल्प सुरू झाला, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद त्यात सहभागी होती, आणि एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या ७२ व्या अहवालात आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांचा हिशेब आला: १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. पालकांच्या जागी वॉर्डनची सही हा अपराध होता हे सांगायला नकोच, परंतु तो मोजता आला तो पत्रे अस्तित्वात होती म्हणून. धुळे जिल्ह्यात सुमारे एकतृतीयांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून आश्रमशाळा व आदिवासी वसतिगृहे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तेथे रक्तक्षयाचे किंवा सिकलसेलचे सर्वेक्षण करणाऱ्या विभागांनी हे दोन आकडे आपल्या प्रबंध-विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत.

अंगठ्याबरोबर निष्पक्ष साक्षीदाराचा प्रश्न येतो. सहभागीला वाचता येत नसेल तर संमतीच्या संपूर्ण चर्चेच्या वेळी असा साक्षीदार हजर असावा लागतो, तो अभ्यासाशी संबंधित नसावा लागतो, आणि सहभागीला दिलेला सगळा मजकूर त्याने स्वतः वाचलेला असावा अशी अपेक्षा उत्तम चिकित्सा पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतल्या त्याच्या व्याख्येतच आहे. वॉर्डातला मोकळा कर्मचारी सहीपुरता बोलावणे म्हणजे साक्षीदार मिळवणे नव्हे.

ओळखकार्डाकडे याहूनही कमी लक्ष दिले जाते, कदाचित ते आकाराने लहान असते म्हणून. सहभागीला रात्री त्रास झाला तर तो धुळ्याला किंवा जळगावला येत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातल्या डॉक्टरकडे जातो, आणि त्या डॉक्टरला हा रुग्ण एखाद्या चाचणीतले औषध घेत आहे हे कळण्याचे साधन म्हणजे ते कार्ड. गंभीर प्रतिकूल घटनेची माहिती संशोधकाने ती घडल्यापासून २४ तासांत पुढे पाठवायची असते. पण ती त्याला कळायची कशी, हे कार्डावरच्या दूरध्वनी क्रमांकावर अवलंबून राहते. हंगाम संपला की धुळे जिल्ह्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला जातात, म्हणजे ते कार्ड गुजराती डॉक्टरच्याही हाती पडू शकते. अशा कार्डाची एक बाजू मराठीत आणि दुसरी इंग्रजीत असावी, त्यावर औषधाचा गट, आणीबाणीत टाळायची औषधे आणि रात्रीही उचलला जाईल असा क्रमांक असावा. विभागाच्या कार्यालयाचा दहा ते पाचचा क्रमांक छापून हे काम होत नाही.

घरी जाणारा कागद घरातल्या सगळ्यांना दिसतो, आणि हे त्याचे बळ असले तरी तोच त्याचा धोकाही आहे. सिकलसेलमध्ये हे विशेष जाणवते. हा रक्ताचा आनुवंशिक आजार भिल्ल व पावरा समाजांत आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट असून तपासलेल्यांना निष्कर्षाचे कार्ड दिले जाते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, तरी लग्नाच्या वयातल्या मुलीच्या नावाचे असे कार्ड भिंतीवरच्या पिशवीतून पाहुण्यांच्या हाती गेले तर त्याचा अर्थ वेगळाच लावला जातो. एचआयव्ही आणि क्षयाच्या अभ्यासांतही हाच पेच आहे. म्हणून कार्डाच्या दर्शनी भागावर आजाराचे नाव नसावे, अभ्यासाचे शीर्षक मोठ्या अक्षरांत छापण्याचा सोस सोडावा, आणि कार्ड कुठे ठेवणार हे सहभागीलाच विचारून मगच ते द्यावे.

कागदाला जे जमत नाही तेही मान्य करायला हवे. जुनाट वेदनांच्या ८० रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कागदी डायरीत प्रकाशसंवेदक बसवून ती केव्हा उघडली जाते हे रुग्णांना न सांगता नोंदवले गेले. रुग्णांनी लिहिल्याप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या, प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या नोंदी ११ टक्केच होत्या. इलेक्ट्रॉनिक डायरीत हे प्रमाण ९४ टक्के होते. भेटीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली महिन्याची डायरी कोणत्याही कोऑर्डिनेटरने पाहिलेली असते. कागद घड्याळाचे काम करू शकत नाही, आणि ते त्याच्याकडे मागूही नये. क्षयरोगाच्या उपचारात वापरल्या गेलेल्या ‘९९ डॉट्स’ या भारतीय पद्धतीने दोहोंची सांगड घातली: गोळीच्या पाकिटाभोवती छापील आवरण, गोळी काढली की त्याखालून दिसणारा क्रमांक, आणि त्यावर रुग्णाने करायचा मोफत फोन. नंतर लघवीतील औषधाची तपासणी करून पाहिले तेव्हा फोन आणि प्रत्यक्ष सेवन यांचा मेळ अपेक्षेइतका बसला नाही. तरीही कोणते काम कागदाचे आणि कोणते यंत्राचे हे वेगळे करण्याची ती दिशा बरोबर होती.

संशोधकाकडे राहणाऱ्या कागदांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ईसीजीची थर्मल पट्टी उष्णतेने छापली जाते आणि उष्णतेनेच खराब होते, तेव्हा पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढून, सही-तारीख घालून, मूळ पट्टीसोबत लावावी. उपचारगट ठरवणारी सीलबंद पाकिटे, जी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीपासून चालत आली आहेत, उजेडासमोर धरून आतले वाचता येणार नाही इतकी जाड असावीत, आणि उघडण्यापूर्वी त्यांवर रुग्णाचा क्रमांक लिहिला जावा. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ च्या आरंभी स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने धुळ्यात जुनी दप्तरे आजवर सांभाळली. त्याच शहरात तीन वर्षांपूर्वीच्या प्रबंधाची संमतीपत्रे शोधायला दोन दिवस लागू नयेत.

राहिला प्रश्न छपाईचा. नीतिशास्त्र समितीपुढे मंजुरीला येते ती वर्डची फाईल, आणि सहभागीच्या हाती पडते ती झेरॉक्सची झेरॉक्स. या प्रवासात जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तुटतात, दशांशचिन्ह पुसले जाते, तळटीपेतला आवृत्ती क्रमांक व तारीख पानाबाहेर जाते, आणि दुरुस्ती होऊन नवी आवृत्ती आली तरी ओपीडीच्या ड्रॉवरमधला जुना गठ्ठा वापरात राहतो. समित्यांनी फाईलऐवजी छापील अंतिम नमुना मागावा आणि समितीतल्या वैद्यकेतर सदस्याने तो मोठ्याने वाचून पाहावा. प्रबंधाच्या अंदाजपत्रकात छपाईचा रकाना बहुधा नसतो आणि तो खर्च विद्यार्थी आपल्या खिशातून भागवतो. महाविद्यालयांच्या संशोधन समित्यांनी पुढच्या तुकडीचे आराखडे स्वीकारताना हा रकाना सक्तीचा करावा, आणि त्यात सहभागीच्या प्रतीचा कागद फाईलमधल्या प्रतीपेक्षा जाड धरावा, कारण तिची घडी अधिक वेळा घातली जाणार असते.