जिंतूरला बिऱ्हाड हलवण्याआधी

कुणाच्या हाती बदलीचा आदेश पडतो. कुणाला पुण्या-मुंबईचे घरभाडे झेपेनासे होते. कुणाचे अम्मी-अब्बा गावाकडे थकलेले असतात आणि दुकान सांभाळायला घरात दुसरे कोणी उरलेले नसते. कारण काहीही असो, मोठे शहर सोडून तालुक्याच्या गावी राहायला जावे की नाही, हा प्रश्न आज आपल्या बऱ्याच घरांत चर्चेला आहे. परभणी जिल्ह्यातील जिंतूर डोळ्यासमोर ठेवून या वेळी त्याचा विचार करू. गाव दुसरे असले तरी प्रश्न थोड्याफार फरकाने हेच राहतील.

आधी मशवरा

बहुतेक घरांत निर्णय आधी होतो आणि बायकोला तो नंतर कळवला जातो. "पुढच्या महिन्यात जायचं आहे, सामान बांधायला घे" एवढ्यावर विषय संपतो. तिची नोकरी, तिची शिकवणी, दहा वर्षांत जोडलेल्या शेजारणी, जवळ असलेले माहेर, यांचा हिशेब कोणी मांडत नाही. मुसलमानांनी आपली कामे सल्लामसलतीने करावीत, अशी पवित्र कुरआनची शिकवण आहे. सूरह बकराच्या 233व्या आयतीत तर तान्ह्या बाळाचे दूध केव्हा सोडवावे, हेसुद्धा आई-वडिलांनी परस्पर संमतीने आणि मशवऱ्याने ठरवावे, असे सांगितले आहे. दूध सोडवण्यासाठी जर दोघांची संमती हवी, तर सगळा संसार उचलून दुसऱ्या गावी नेण्यासाठी ती किती अधिक हवी!

आपल्या फकीहांनीही हा प्रश्न हलका मानलेला नाही. "पत्नीला तिच्या शहराबाहेर नेणार नाही" अशी अट निकाहाच्या वेळी घातली असेल, तर हंबली फिकहमध्ये तिला मोठे वजन आहे. इतर मसलकांची मते वेगळी आहेत. मुद्दा एवढाच, की स्त्रीच्या राहण्याच्या जागेचा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वीही तिच्या हक्काचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला आहे. तेव्हा इस्तिखारा अवश्य करावा, पण आधी दोघांनी समोरासमोर बसून बोलावे. प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे: मला तिथे काय मिळेल, माझे इथले काय सुटेल. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणावर किती भार पडतो, हे आपोआप दिसते.

कमाई दोघांची, खर्च खरा

लहान गावात स्वस्ताई असते, हे अर्धेच खरे आहे. घरभाडे कमी होते, भाजी-दूध ताजे मिळते, ऑफिसला जाण्यात दोन तास मोडत नाहीत. पण काही खर्च नव्याने उभे राहतात. जिंतूरला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर परभणी किंवा सेलू गाठावे लागते. परभणी 40-45 किलोमीटरवर आहे. मोठा दवाखाना, काही सरकारी कामे, मोठी खरेदी यांसाठी तिकडे फेऱ्या होणारच. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मे तिकीट आहे, त्याचा आधार होतो. तरीही महिन्याच्या हिशेबात प्रवासाचा रकाना वेगळा ठेवावा. दुसरा रकाना देण्याघेण्याचा. शहरात ज्या अकीके-निकाहांना जाणे जमत नव्हते, त्या सगळ्यांना आता जावे लागेल, आणि रिकाम्या हाताने जाता येणार नाही.

सर्वात मोठा प्रश्न दुसऱ्या पगाराचा. दोघे कमावते असतील आणि एकाचीच बदली झाली असेल, तर दुसऱ्याची नोकरी सोडण्याआधी नियम पाहावेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने बदल्यांमध्ये पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग केला. दोघांच्या शाळांतील अंतर 30 किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर त्याचा विचार होतो. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ताजा निर्णय वाचूनच अर्ज करावा. खाजगी नोकरीत असाल तर घरून काम करण्याची परवानगी आधी लेखी घ्यावी, आणि ज्या घरात राहणार तिथे इंटरनेट कसे चालते, वीज दिवसातून किती वेळा जाते, हे स्वतः बसून पाहावे.

बायकोची कमाई बंद होणार असेल तर ती रक्कम "गेली" म्हणून सोडून देऊ नये. घरखर्चाची जबाबदारी शरीयतने पतीवर टाकली आहे. पत्नीची कमाई तिची स्वतःची आहे. ती पतीच्या सोयीसाठी नोकरी सोडत असेल, तर तिच्या हातात दरमहा तिच्या हक्काची काही रक्कम राहील याची सोय दोघांनी आधीच ठरवावी. एरवी ज्या बाईने दहा वर्षे स्वतःच्या पैशाने अम्मीला ईदेचा जोडा पाठवला, तिला आता त्यासाठी हात पसरावा लागतो. अशा गोष्टी ती बोलून दाखवत नाही, पण त्या मनात साचत राहतात.

घर, पाणी आणि स्वतःची खोली

वडिलोपार्जित घर असेल तर भाडे वाचते. पण एकत्र घरात नव्याने जाणाऱ्या सुनेला निदान एक खोली अशी हवी, जिला ती आतून कडी आणि बाहेरून कुलूप लावू शकेल. ही शहरी हौस नव्हे. पत्नीला तिच्या खाजगीपणासह राहण्याची जागा देणे हे हनफी फिकहच्या ग्रंथांतही पतीचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. सासू-सासऱ्यांची खिदमत प्रेमाने होते, आणि प्रेम टिकायला थोडी मोकळी जागा लागते.

भाड्याचे घर घेणार असाल तर करार लेखी आणि नोंदणीकृत करावा. महाराष्ट्रात तसा कायदाच आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ओळखीच्या गावात "कागद कशाला?" असे म्हणतात. कागद असला की ओळखही टिकते. येलदरीचे धरण जिंतूर तालुक्यातच आहे, म्हणून पाण्याची चिंता नाही असे गृहीत धरू नये. नळ किती दिवसांआड येतो, टाकी केवढी आहे, उन्हाळ्यात काय होते, हे त्याच गल्लीतल्या बायकांना विचारावे. घर शक्यतो मे महिन्यात पाहावे. मराठवाड्याच्या उन्हात पत्र्याचे छत आणि स्लॅब यांतला फरक तेव्हाच कळतो.

दवाखाना आणि शाळा

ताप-खोकल्याला गावातले डॉक्टर पुरेसे असतात. प्रश्न रात्री दोन वाजताचा असतो. दिवस गेलेले असतील, घरात हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल, तर उपचार जिंतूरला होतील, परभणीला की छत्रपती संभाजीनगरला, हे जाण्यापूर्वी ठरवून ठेवावे. परभणीला जिल्हा रुग्णालय आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, तरी गल्लीतल्या एखाद्या गाडीवाल्याचा नंबर दाराजवळ लिहून ठेवावा. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे असेल आणि माहेर दूर असेल, तर प्रवास कोणत्या महिन्यात करायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मुलांच्या बाबतीत माध्यमाचा विचार आधी करावा. शहरात इंग्रजी माध्यमात चौथी-पाचवीपर्यंत शिकलेले मूल एकदम उर्दू किंवा मराठी शाळेत घातले तर ते वर्षभर गप्प होते. बदल करायचाच असेल तर तो शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला करावा. आठवीपर्यंतच्या मुलाला शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने दिला आहे, आणि जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलगी नववी-दहावीत असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा: बारावीनंतर तिला परभणीला किंवा संभाजीनगरला शिकायला पाठवायची आपली तयारी आहे का? उत्तर "नाही" असेल, तर या बदलाची किंमत ती मोजणार आहे, हे निदान मान्य करून पुढे जावे.

माणसे

लहान गावात दुःखाला माणसे धावून येतात. जनाजा एकट्याने उचलावा लागत नाही. घरी आजारपण आले तर चार घरांतून डबे येतात. हीच माणसे तुमच्या दारी कोण आले, बाई कुठे निघाली, हेही पाहतात. शहरातून आलेल्या सुनेला हे पाहणे आधी टोचते. इथे नवऱ्याने मध्ये उभे राहायचे असते. तिच्या कपड्यावर किंवा नोकरीवर कोणी बोलले तर उत्तर त्याने द्यावे, तिने नव्हे.

ती कोकणातली असेल तर फरक आणखी जाणवतो. घरातली बोली कोकणीऐवजी दखनी, ताटात भात-मासळीऐवजी ज्वारीची भाकरी. ती शाफई आणि सासर हनफी असेल तर अस्रची अजानही उशिरा कानावर येते. यात कोणाचे काही चुकत नाही, पण सासरच्यांनी "आमच्याकडे असंच असतं" म्हणण्याआधी "तुमच्याकडे कसं असतं?" असे एकदा विचारावे.

घराची आठवण येणे म्हणजे ईमान कच्चे असणे नव्हे. हिजरतनंतर मदीनेत हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने आजारी पडले, आणि त्या तापात हजरत बिलाल (रजि.) मक्केची दरी आणि तिथले गवत आठवत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना दटावले नाही. मदीना आम्हाला प्रिय कर, अशी दुआ अल्लाहकडे केली. नव्या गावात डोळे पुसणाऱ्या पत्नीशी कसे वागावे, याचा धडा यातच आहे.

दुसरा धडा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचा. त्यांचे अन्सारी भाऊ हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. तूप आणि पनीर विकून त्यांनी सुरुवात केली. नातेवाइकांच्या भरवशावर गावी जाऊ नये. आपल्या हाताला तिथे काय काम आहे, हे विचारून जावे.

कागदपत्रे आणि मुदत

निघण्यापूर्वी आधारवरील पत्ता, गॅस जोडणी, बँक, मुलांचे लसीकरण कार्ड आणि शाळेचे दाखले पाहून घ्यावेत. मतदार यादीतील पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक 8 भरतात. रेशनकार्ड बदलून येईपर्यंत "एक देश एक रेशनकार्ड" योजनेखाली नव्या गावातही धान्य घेता येते.

शेवटची गोष्ट मुदतीची. परगावी 15 दिवस राहण्याची नियत केली की हनफी मसलकात माणूस मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो, आणि नमाज पूर्ण पढतो. संसाराचेही तसेच आहे. काही जोडपी लहान गावी पाच-पाच वर्षे मुसाफिरासारखी राहतात. खोकी उघडत नाहीत, शेजारी जोडत नाहीत, रोज परतीच्या गोष्टी करतात. त्यापेक्षा दोघांनी स्पष्ट ठरवावे: दोन वर्षे मुकीम म्हणून मनापासून राहायचे, मग पुन्हा बसून विचार करायचा. तेव्हा दोघांपैकी एकालाही तिथे जगणे जड जात असेल, तर परतण्याचा रस्ता खुला असेल. हा शब्द आधी दिलेला असला, की जाणारीचे पाऊल हलके होते.

अल्लाह आपल्या घरांत मशवऱ्याची सवय आणि जिथे राहू तिथे बरकत देवो. आमीन.