दगड उचला, पण पत्ता लिहून ठेवा

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग, गोदामं, कंटेनरच्या रांगा आणि ट्रॅफिक. या यादीत स्फटिक कुणीच घालत नाही. पण तुमच्या गल्लीत बांधकाम चालू असेल, तर खडीच्या ढिगाकडे एकदा नीट बघा. काळ्या दगडात मधेच पांढरे ठिपके दिसतात, कधी साखरेसारखे चमकणारे दाणे. ते सिमेंट नाही. ती खनिजं आहेत आणि त्यांचं वय कोट्यवधी वर्षांत मोजावं लागतं.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट आणि आपली गारगोटी आणून बसवली. खडकातून गरम पाणी फिरतं कसं, असा प्रश्न पडला तर आपल्याच तालुक्यातली वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवा. ती कुंडं आजची आहेत, पण खडकाखाली पाणी तापतं हे तिथे हात बुडवून कळतं.

हा छंद तुम्ही जरूर लावून घ्या. महागडी उपकरणं लागत नाहीत. दहा रुपयांचं भिंग, जुना टूथब्रश आणि वही पुरते. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही. कॅल्साइटवर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

पण रील बघून हातोडा घेऊन दगडखाणीत घुसू नका. तिथे सुरुंग लावतात, कडे ढासळतात, पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात. शिवाय खाण कुणाच्या तरी ताब्यात असते, परवानगीशिवाय आत जायचा आपल्याला हक्क नाही. खडीचा ढीगही कुणाच्या तरी मालकीचा असतो. दोन दगड हवे असतील तर आधी विचारा. बहुतेक वेळा हसून ‘घेऊन जा’ म्हणतील.

माझा खरा मुद्दा मात्र वहीचा आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज निघालं. ते आधी अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडलं होतं, पण जगातले सर्वांत देखणे नमुने वाघोलीचे मानले जातात. आज परदेशातल्या संग्राहकांच्या कपाटात चिठ्ठीवर ‘वाघोली’ लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी काढून टाका, तर उरतो एक निळा शोपीस. कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला, शेजारी कोणतं खनिज होतं, या प्रश्नांची उत्तरं दगड स्वतःहून देत नाही.

आपल्याकडे नेमकं तेच हरवतंय. ‘हीलिंग क्रिस्टल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खड्यांवर किंमत असते, गावाचं नाव नसतं. मालाड-कांदिवलीच्या जुन्या दगडखाणींच्या परिसरात आज इमारती उभ्या आहेत. तिथून नोंद न ठेवता गेलेल्या नमुन्यांचा पत्ता आता कोण सांगणार? भिवंडीच्या आसपासचे डोंगरही गोदामांच्या भरावासाठी आणि खडीसाठी कापले जाताहेत. क्रशरला स्फटिक आणि साधा दगड यातला फरक कळत नाही. खाणीतल्या कामगाराला कळतो, कारण पोकळी फुटल्यावर सर्वांत आधी तीच व्यक्ती आत बघते. पण तिला विचारतं कोण?

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन या, महाराष्ट्राच्या पोटात काय दडलंय ते कळेल. पण प्रत्येक तालुक्याला काही संग्रहालय मिळणार नाही. कॉलेजात एक कपाट तर मिळू शकतं? प्रत्येक नमुन्यासोबत गाव, तारीख, कुणी दिला आणि दगड कसा होता, एवढ्या चार ओळी. ‘काळी खडी, अमुक गाव, कामगाराने दिली’ अशी नोंदही चालेल, फक्त ती खरी हवी.

डोंगर थांबवणं तुमच्या-माझ्या हातात नसेल. तो कापला जात असताना आत काय होतं, हे लिहून ठेवणं नक्की आहे. त्यामुळे या रविवारी एखादा चमकणारा दगड मिळालाच, तर स्टोरी टाकण्याआधी वहीत गावाचं नाव लिहा.