जास्त म्हणजे धनी नव्हे

गेल्या सहामाहीला नववीतल्या एका मुलीचा मी एक गुण कापला. 'प्रिडॉमिनेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला होता. तिने लिहिले, 'इतरांपेक्षा जास्त असणे.' गाइडात छापले होते, 'वर्चस्व गाजवणे.' मी निमूटपणे तांबडी रेघ ओढली. पेपर मिळाल्यावर पोरगी टेबलापाशी येऊन म्हणाली, "सर, यंदा आमच्या वावरात कापूस जास्त आहे, तूर कमी. मग कापूस तुरीवर वर्चस्व गाजवतो का?"

खरे सांगतो, मला रागच आला. घरी जाऊन कोश उघडला, तेव्हा तो राग माझ्यावरच उलटला.

दोन क्रियापदांचा आपण काला करून टाकला आहे. 'डॉमिनेट' म्हणजे हुकमत चालवणे; ती सोसणारा कोणीतरी समोर असावा लागतो. 'प्रिडॉमिनेट'ला असा बळी लागत नाही. ते बहुधा अकर्मकच असते. लुगड्यात हिरवा रंग अधिक दिसला, बाजारात एखादी बोली अधिक ऐकू आली, की त्याचे काम झाले.

दोघांचे कूळ एक, हे मात्र कबूल. लॅटिनमध्ये 'दोमुस' म्हणजे घर, 'दोमिनुस' म्हणजे घराचा धनी, आणि 'दोमिनारी' म्हणजे धनीपणा करणे. त्याला पुढेपणा दाखवणारा उपसर्ग लागून झालेले हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रुळले. तिकडच्या जुन्या वैद्यकात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस मानत. अंगात जो अधिक, तसा माणसाचा स्वभाव. ग्रहांचेही तेच. शेक्सपिअरच्या 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल' नाटकात पॅरोलिस आपण मंगळाखाली जन्मल्याची ऐट मिरवतो. मंगळ प्रबळ होता तेव्हाच ना, असे तो म्हणतो, आणि छे, वक्री होता तेव्हा, असे सांगून हेलेना त्याची फजिती करते.

आमच्या वैद्यांना हा अर्थ कोणाकडून उसना घ्यावा लागला नाही. ते 'पित्तप्रधान प्रकृती' म्हणतात. हाच तो 'प्रधान'! भारत कृषिप्रधान देश आहे असे आपणही शाळेत घोकले. आता गाइडवाल्यांनी सांगावे, या देशात शेतकऱ्याचे वर्चस्व आहे काय? बाजार समितीच्या आवारात रात्रभर गाडी घेऊन ताटकळणाऱ्याला विचारून यावे.

'वर्चस्व' हा शब्द तरी हुकमतीचा कुठे? 'वर्चस्' म्हणजे तेज. ब्रह्मवर्चस म्हणतात ते हेच. (संस्कृत कोशात त्याचा आणखी एक अर्थ आहे, पण वाचकांच्या हातात चकली असेल, म्हणून तो राहू द्या.)

कोणी म्हणेल, एका शब्दासाठी मास्तर इतके का तापले? अहो, बातमी येते, 'गावात अमुक समाजाचे वर्चस्व.' पुष्कळदा लिहिणाराला एवढेच सांगायचे असते की त्या समाजाची घरे जास्त आहेत. पण त्याच गावातल्या चार-दोन घरांच्या वस्तीतला पोरगा ती बातमी वाचतो, तेव्हा त्याला काय कळते? येथे धनी कोण आणि आपण कोण, हे. घरे मोजायची होती, आणि मालकी लिहून दिली! 'संख्या जास्त' असे लिहिले तर शाई जास्त लागते काय? आणि जेथे खरोखरच हुकमत असेल, विहीर कोणाची आणि सावकारी कोणाची हे ठाऊक असेल, तेथे 'वर्चस्व' जरूर लिहा, आणि ते कशाच्या जोरावर आहे तेही लिहा. तेवढे धैर्य मात्र दिसत नाही.

कोश चाळता चाळता घरचीच एक गोष्ट सापडली. 'दोमुस'चा सख्खा भाऊ संस्कृतात आहे: 'दम', म्हणजे घर. त्यावरून 'दम्पति', घराचा धनी. ग्रीकांकडे हाच जोडशब्द 'देस्पोतेस' झाला आणि इंग्रजीत 'डेस्पॉट', म्हणजे जुलमी सत्ताधीश, होऊन बसला. आपल्याकडे ऋग्वेदातच तो द्विवचनात गेला आणि नवरा-बायको दोघांचा मिळून झाला. एका धन्याचे दोन धनी झाले! हे मी मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघरात जाऊन सांगितले. अनारसे तळता तळता उत्तर आले, "मग दुसऱ्या धन्याने जरा झारा धरावा."

मुलीचा गुण मी दुसऱ्या दिवशी परत दिला. गाइडाची नवी आवृत्ती परवाच बाजारात आली आहे. अर्थ तोच आहे.