आधी ब्रेक ऑइल, मग कॅलिपर

पप्पांची जुनी मारुती 800 आता मी चालवतो. मित्र म्हणतात, मोठे लाल कॅलिपर टाक! मला ते पटत नाही. 12 इंची चाकात मोठी डिस्क मावणार कुठे? म्हणजे चाकंही बदला. चोर्ला घाट उतरताना एकदा पेडल मऊ पडलं, पोटात गोळाच आला. मेस्त्रींनी बघितलं, तर ब्रेक ऑइल कितीतरी वर्षं बदललेलंच नव्हतं. ते हवेतली ओल शोषतं, मग तापल्यावर लवकर उकळतं; पाय दाबतो ती नुसती वाफ. पैसे घालायचेच तर तिथे घाला, चांगल्या पॅडवर घाला, डिस्कची जाडी मोजून घ्या. मागच्या ड्रमचे लायनर तर सगळे विसरतातच. मी हे सगळं करून घेतलं. तरी घाट मात्र अजून दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो.